टोपी उडाली आणि शर्यत संपली

आपल्या गाडीची खडखड आपल्याला सवयीने ऐकू येत नाही, आणि विकणाऱ्याचं तर कामच गोड बोलायचं. गाडीची खरी पारख करावी ती प्रतिस्पर्ध्याने. शेजारची पुरणपोळी खाताना एखादी सुगरण घास घोळवत, चकार शब्द न काढता जायफळ जोखत असते ना, तसा तो समोरची गाडी जोखतो.

१९२४ साली इंग्रज मोटारकार डब्ल्यू. ओ. बेंटली, म्हणजे बेंटली गाड्यांचे जनक, आपली नवी सहा सिलिंडरची गाडी घेऊन फ्रान्समध्ये ल्योंची शर्यत बघायला गेले होते. गाडी गुपित होती, म्हणून तिला मुद्दाम कुरूप, पाचरीसारखा रेडिएटर बसवला होता आणि नोंदणीत नाव दिलं होतं ‘सन’. परतताना एका तिठ्यावर दुसरी तशीच वेषांतर केलेली गाडी आली. रोल्स-रॉईसची येऊ घातलेली फँटम! दोन्हीकडच्यांनी एकमेकांना ओळखलं. खरं तर दोघांनी तोंड लपवून आपापल्या वाटेला लागायचं. पण कुठलं काय, महामार्गावर दोन्ही गाड्या जीव खाऊन सुटल्या.

रोल्सवाल्यांपैकी एकाची टोपी उडाली, ती आणायला ते थांबले, म्हणून ही शर्यत संपली. मला हा टोपीवाला फार आवडतो. कंपनीचं एवढं मोठं गुपित पळवतोय, पण बोडक्याने घरी जायची तयारी नाही.

इंग्लंडला परतायच्या बोटीपाशी, दिएप बंदरात पोचेपर्यंत बेंटलींच्या टायरांचं आतलं कापड दिसू लागलं होतं. पण त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच: आपली गाडी रोल्सपेक्षा तसूभरही सरस नाही. कुठलंही यंत्र नाही, अहवाल नाही. शेजारून धावणारी गाडी मागे पडत नाही, एवढं कळलं की पुरे. त्यांनी सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटरवरून थेट १०० केला, आणि ६,५९७ सीसीची ‘साडेसहा लिटर’ बेंटली जन्माला आली.

१९३० मध्ये त्याहून मोठी ‘आठ लिटर’ आली, ताशी १०० मैलांची. नेमकी मंदी आली होती. जेमतेम १०० गाड्या बनल्या आणि कंपनी बुडाली. १९३१ मध्ये नेपियर ही इंजिनं बनवणारी कंपनी ती घेणार असं वाटत असतानाच एका अनोळखी ट्रस्टने जास्त बोली लावली. मागे रोल्स-रॉईस होती. बेंटलीसाहेबही त्यांच्या नोकरीत गेले. तिथे त्यांच्या वाट्याला गाड्या घडवायचं काम फारसं आलंच नाही. आलं ते रोल्सवाल्यांच्या गाड्या रस्त्यावर चालवून बघायचं.