ही विहीर आमच्या हद्दीत येत नाही

रात्री साडेआठला आमच्या घरात जेवणं उरकत आलेली असतात, तेव्हा अमेरिकेतल्या युटा राज्यात सकाळचे आठ वाजतात. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढं जातात. मग मला साडेसातलाच कॉम्प्युटर उघडावा लागतो आणि भाकरी थापायचं काम आत्तींवर येतं. त्या कधी काही बोलत नाहीत, फक्त त्या दिवसांत भाकरी थापल्याचा आवाज जरा मोठा येतो.

माझं काम सांगितलं तर लोकांना पटत नाही. सांगलीत बसून अमेरिकेतल्या तेलविहिरींवरच्या टाक्यांचे व्हिडिओ बघायचे आणि वायू कुठून गळतोय ते टिपायचं. साध्या कॅमेऱ्यात टाकी म्हणजे नुसती टाकी. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मात्र झाकणाच्या फटीतून काहीतरी लवलवत बाहेर पडताना दिसतं. तापलेल्या तव्यावरची हवा हलते तसं, फक्त जास्त गडद. त्यात मिथेन असतो आणि त्याच्याबरोबर बेंझिनसारखी हवेत उडून जाणारी संयुगं. तिथं उभ्या असलेल्या माणसालाही डोळ्यांनी दिसत नाही ते मला इथं दिसतं. पहिल्या आठवड्यात मी एकच क्लिप सात-आठ वेळा बघितली होती, कामासाठी नाही, उगाच.

सगळ्यात जास्त गळतं ते थीफ हॅचमधून. टाकीच्या माथ्यावरचं झाकण. तेलाचा नमुना काढायच्या नळकांड्याला त्या धंद्यात ‘थीफ’ म्हणतात, त्यावरून झाकणाला हे नाव. मला विचाराल तर नाव झाकणालाच शोभतं. रबर झिजलं किंवा कुणी घाईत नीट दाबलं नाही, की तिथून रात्रंदिवस माल चालला.

प्रत्येक क्लिपबरोबर एक तक्ता भरायचा असतो. विहिरीचा नंबर, तारीख, कुठला भाग, गळती आहे की नाही. शेवटचा रकाना, जमीन कुणाची: राज्याच्या अखत्यारीतली की आदिवासींची. 2021 ला काम लागलं तेव्हा मी तो यंत्रासारखा भरत होते. मग एका रात्री दोन विहिरी लागोपाठ आल्या. एकाच कंपनीच्या, मधून मातीचा एक रस्ता. दोन्हींच्या थीफ हॅचमधून सारखाच ढग. एकीपुढं दुरुस्तीची मुदत लिहिलेली, दुसरीपुढं नुसतं ‘नोंद घेतली’. सुपरवायझर पुण्याची, तिला विचारलं. ती म्हणाली, “अगं, ती दुसरी रिझर्व्हेशनवर आहे ना. तिथला नियम अजून यायचाय.”

हे मी सकाळी चहाला मामांना सांगितलं. (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.) त्यांनी पेपर खाली ठेवला. “अमेरिकेत पण आरक्षणाचा प्रश्न हाय व्हय?”

तसलं आरक्षण नाही, हे समजावता समजावता चहा गार झाला. तिथल्या मूळ लोकांना सरकारनं जमिनीचे तुकडे नेमून दिले, त्याला ते रिझर्व्हेशन म्हणतात. युटाच्या ईशान्येला युइंटा खोरं आहे, त्यात यूट लोकांचं युइंटा अँड उरे नावाचं रिझर्व्हेशन, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. पण नकाशावर ते एकसंध दिसत नाही. 1905 ला त्यातला बराच भाग बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुला केला. ती जमीन नंतर रिझर्व्हेशनमध्ये धरायची की नाही, यावर कोर्टात पिढ्या गेल्या. शेवटी 1994 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं हेगन विरुद्ध युटा या खटल्यात सांगितलं, की खुला केला तेवढा भाग रिझर्व्हेशनमधून गेला. खटला मुळात जमिनीचा नव्हताच. मायटन नावाच्या गावात अमली पदार्थ विकल्याचा गुन्हा, आणि प्रश्न एवढाच की हा माणूस कुणाच्या कोर्टात उभा करायचा. त्यावरून हद्द ठरली.

मामांना हे लगेच कळलं. बांधावरच्या एका बाभळीवरून आमच्या घराण्यानं मिरजेच्या कोर्टात चोवीस वर्षं काढलीत. “बाभळ कवाच वाळून गेली,” ते म्हणाले, “तारखा चालूच हुत्या.”

तर हद्द अशी ठिगळाठिगळाची. आणि हवेला ठिगळं नसतात.

युइंटा खोऱ्यातलं तेल मेणचट असतं. काळं मेण आणि पिवळं मेण असे त्याचे दोन प्रकारच आहेत. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते तसं ते साध्या हवेतही थिजतं. म्हणून टाक्या तापवत ठेवाव्या लागतात आणि सॉल्ट लेक सिटीच्या रिफायनऱ्यांकडं ते उष्णतारोधक टँकरमधून न्यावं लागतं. टाकी गरम म्हणजे वाफ जास्त, आणि वाफ जास्त म्हणजे झाकणावर दाब जास्त. त्यात ही ठिकाणं माळावर, वीज नाही. तिथले कित्येक व्हॉल्व्ह विहिरीतल्याच वायूच्या दाबावर चालतात आणि प्रत्येक हालचालीला थोडा वायू हवेत सोडतात. ते यंत्र बिघडलेलं नसतं. त्याची घडणच तशी. मला हे कळायला वर्ष लागलं. तोवर मी प्रत्येक फुसकारा लाल रंगानं भरत होते आणि पलीकडचा इंजिनिअर वैतागत होता.

खरी गोष्ट हिवाळ्यातली. जमिनीलगतचा ओझोन छातीला बाधतो. तो उन्हाळ्यातला, मोठ्या शहरातला त्रास, असंच तज्ज्ञ धरून चालले होते. आधी शेजारच्या वायोमिंगमध्ये आणि मग 2009-10 च्या हिवाळ्यात या खोऱ्यात यंत्रं लावली तर ओझोन भर थंडीत, बर्फ पडलेल्या माळावर, मर्यादेच्या कितीतरी वर. आजूबाजूला शहर म्हणावं असं काही नाही. कारण शोधलं तर तीन गोष्टी एकत्र आलेल्या. गळणारी संयुगं आणि इंजिनांमधले नायट्रोजन ऑक्साइड, ज्यांच्यापासून उन्हात ओझोन बनतो. खोऱ्याच्या तळाला बसलेली थंड जड हवा, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. आणि जमिनीवरचा बर्फ, जो ऊन शोषत नाही तर परत वर फेकतो, म्हणजे त्याच हवेला ऊन दोनदा मिळतं. ज्या हिवाळ्यात बर्फ टिकत नाही त्या हिवाळ्यात ओझोन चढत नाही. 2011-12 ला असंच झालं. विहिरी तेवढ्याच, गळती तशीच, पण बर्फ नव्हता.

उबदार हवेचं झाकण ही भानगड मामांना सांगावी लागली नाही. आमचं गुऱ्हाळ होतं, आता बंद आहे. “पुस-माघात पहाटं धूर बसतो,” ते म्हणाले. “चिमणीतनं निघतोय, बांबूभर वर जातोय आन् तिथनं आडवा. उसावर चादर घातल्यागत. ऊन वर आलं की उठतोय.” गुऱ्हाळावरचा गुळव्या त्या दोन तासांत नाकाला टॉवेल बांधायचा. युइंटात ही चादर कधी कधी आठवडाभर उठत नाही.

मग नियम एवढा उशिरा का? मला आधी वाटलं, आदिवासींची जमीन, कोण लक्ष देतंय. तेवढंच नव्हतं. अमेरिकेचा हवेचा कायदा 1970 चा, तो राज्यांच्या खांद्यावर उभा. नियम राज्यानं करायचे, परवाने राज्यानं द्यायचे. रिझर्व्हेशनवर राज्याचा हुकूम चालत नाही, आणि जमातीला त्या कायद्यात जागाच नव्हती. 1990 च्या दुरुस्तीनं जमातींना राज्यासारखं वागवायची सोय केली, तिची नियमावली 1998 ला आली. जमातीनं स्वतःचा आराखडा केला नसेल तर ईपीए, म्हणजे केंद्राची पर्यावरण संस्था, स्वतः करते. पण तशी सक्ती करण्याची घाई कुणाला? छोट्या स्रोतांसाठी परवान्यांचा नियम 2011 चा. नॉर्थ डाकोटातल्या फोर्ट बर्थोल्ड रिझर्व्हेशनवर बाकन नावाच्या खडकातल्या तेलासाठी झुंबड उडाली तेव्हा 2013 ला खास त्यांच्यापुरता नियम आला. युइंटा अँड उरेचा मसुदा 2020 चा आणि पक्का नियम डिसेंबर 2022 चा. टाक्यांची वाफ गोळा करून जाळायची किंवा परत वापरायची, उत्सर्जन 95 टक्के कमी करायचं, गळती शोधत राहायची. थोडक्यात, रस्त्याच्या पलीकडं राज्यानं जे आधीच लावलं होतं, तेच.

आणि यूट लोक? इथं माझा अंदाज साफ चुकला होता. मी मनात एक चित्र रंगवलं होतं, बिचारे आणि वर धूर. तेलाची रॉयल्टी हे त्या जमातीचं मोठं उत्पन्न आहे. 2018 ला खोऱ्याच्या सखल भागावर ओझोनसाठी ‘नॉन-अटेनमेंट’चा, म्हणजे हवा मर्यादेत नाही असा, शिक्का बसला, तसा त्यांच्या जमिनीवरच्या नव्या विहिरींचा सोपा मार्ग बंद व्हायची वेळ आली. प्रत्येक विहिरीला वेगळा परवाना काढत बसायचं, म्हणजे कंपन्या रस्ता ओलांडून पलीकडं जाणार. 2019 ला ईपीएनं तो सोपा मार्ग त्यांच्यासाठी चालू ठेवला. यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर मिळत नाही. ज्याच्या लेकरांना दमा होणार, पगारही त्याचाच थांबणार. ऊस कारखान्याला घालणाऱ्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. मळीच्या वासाला नावं ठेवत आपण उसाच्या बिलाची वाट बघतोच की.

तो ‘नॉन-अटेनमेंट’ शब्द मी दुसऱ्यांदा वाचला तो सांगलीच्या बाबतीत. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे. आमच्याकडं प्रश्न ओझोनचा नाही, धुळीचा आणि कणांचा. पण शब्द तोच.

आमच्या घरामागं मोकळी जागा आहे, तिथं रात्री कचरा पेटतो. प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, काय वाट्टेल ते. थंडीत तो धूरही बसतो. एका कार्यालयात तक्रार दिली, तर तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हा ओढा दिसतोय? ओढ्याच्या अलीकडं आमची हद्द. तुमचा कचरा पलीकडं.” पलीकडच्या कार्यालयात साहेब म्हणाले, जागा आमची असेल, पण कचरा अलीकडच्या लोकांचा आहे. मी हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी रात्री पगार घेऊन हाच रकाना भरते, हे त्यांना कसं सांगणार?

मला या सगळ्यात आवडलेली जागा वेगळीच, कोलोरॅडोतली. तिथं सदर्न यूट जमातीचंही रिझर्व्हेशन असंच ठिगळांचं. पण 1999 ला जमात आणि राज्य यांनी करार केला आणि मिळून एक पर्यावरण आयोग नेमला. सहा सभासद, तीन जमातीचे, तीन राज्याच्या गव्हर्नरनं नेमलेले. रिझर्व्हेशनच्या सीमेत जमीन कुणाचीही असो, हवेचा नियम एक. 2012 ला मोठ्या प्रदूषकांना स्वतः परवाने द्यायचा अधिकार ईपीएनं त्या जमातीला दिला, असा अधिकार मिळवणारी ती देशातली पहिली. हीच जमात 1992 पासून स्वतःची तेल-वायू कंपनीही चालवते. म्हणजे विहिरीही त्यांच्या आणि तपासनीसही त्यांचे. स्वतःच्याच विहिरीवर ते किती कडक राहत असतील, हा प्रश्न माझ्या मनात आहेच. तरी सहा माणसं एका टेबलाभोवती बसली, हे आमच्या ओढ्याच्या दोन काठांना अजून जमलेलं नाही. मी दोन्ही कार्यालयांना एकच अर्ज दिलाय, एकाची प्रत दुसऱ्याला, तारखेसकट. मामांनी सही केली. कोर्टाची सवय, तीन प्रती काढल्या.

परवा रात्री ती दुसरी विहीर परत आली, रस्त्याच्या अलीकडची. नंबर पाठ आहे. थीफ हॅच बंद, कडेला काही हलत नव्हतं. मी क्लिप मागं नेऊन परत बघितली. पुढच्या रकान्यात आता मुदत असते, दुरुस्तीची तारीख असते. मामा पाणी प्यायला उठले होते, मागं येऊन उभे राहिले.

“काय दिसतंय?”

“काहीच नाही.”

“मग बघत कशाला बसलीयास?” म्हणाले, आणि मागची खिडकी लावायला गेले.