स्टोव्ह का?

काकूंनी बाही कोपराच्या वर सरकवली आणि हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. व्रणावर टॅटू काढून घ्यायला माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं असंच करतात. समोरच्याचा चेहरा बदलतो का, ते त्यांना आधी बघायचं असतं.

डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता. मधल्या भागावर मांडीची कातडी काढून लावली होती. कातडी कमी पडू नये म्हणून डॉक्टर तिला यंत्रातून बारीक चिरा पाडून जाळीसारखी ताणतात. जखम भरून येते, पण जाळी तशीच राहते. बोट फिरवलं की चौकटी हाताला लागतात. कडेला मात्र कातडी ओढल्यासारखी, चकचकीत आणि पातळ होती.

मी माझे तीन प्रश्न विचारले. व्रण किती जुना आहे? अजून खाज सुटते का? दुसरीकडे कुठे कापलं-खरचटलं तर चट्टा फुगतो का? हे विचारावेच लागतात. वर्ष झालेलं नसेल, लाली गेली नसेल, तर मी सुई लावत नाही. जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा केलॉइड असेल तर अजिबातच नाही. चार महिन्यांच्या व्रणावर टॅटू काढून देणारे लोक याच शहरात आहेत आणि त्यांची बिघडलेली कामं दुरुस्तीला माझ्याकडे येतात. लोक फसतात ते रीलमुळे. काम संपल्या संपल्या, व्हॅसलीन लावून, दिव्याखाली काढलेला फोटो कुणाचाही सुंदर येतो. खरं काम वर्षानंतर दिसतं.

तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली. व्रण अठ्ठावीस वर्षांचा होता, 1996 सालचा. स्टोव्हला पंप मारताना भडका उडाला, अंगावर नायलॉनची साडी होती. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

काका बाहेर स्टुलावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, खाली जरा चहा सांगून येता का?" चहा मला नको होता. ते जिना उतरले तसं मी दार ओढून घेतलं आणि विचारलं, "काकू, खरं सांगा. कुणी केलं हे?"

त्यांनी बाही खाली ओढली.

"अठ्ठावीस वर्षं हेच ऐकतीय बाळ. हळदी-कुंकवाला गेलं तर, एस.टी.त बसलं तर. स्टोव्ह का, म्हणतात, आणि मग ह्यांच्याकडं बघतात. तेच झाकायला आले इथं, आणि तूही तेच विचारलंस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ह्यांनीच घोंगडं टाकलं, पेटलेला पदर नुसत्या हातांनी ओढून काढला. दवाखान्यात जबाब झाला. जबाबात त्यांनी स्टोव्हच सांगितला, तरी दोन दिवस काकांना चौकीवर बसवून ठेवलं होतं, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या असताना. काकूंचा पोलिसांवर राग नाही. त्या काळात आणि आजही, किती सुनांचे 'भडके' स्टोव्हचे नव्हते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1986 साली हुंडाबळीचं कलम उगाच आलं नव्हतं. "पण आमचा स्टोव्हच होता गं," एवढंच त्या परत परत म्हणाल्या.

मी विचारलं त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी एक मुलगी खांद्यावरचे गोल डाग झाकायला आली होती. मी काही विचारलं नाही, छान पाखरं काढून दिली. सात-आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा पाखरांच्या शेजारी नवे डाग होते. तेव्हापासून फॉर्मवर 'कशामुळे?' हा रकाना मी हाताने लिहून घालते.

काकूंना डिझाइन विचारलं तर म्हणाल्या, "शेवगा काढ. दारात आहे." मी मनातल्या मनात उडी मारली. असल्या जाळीवर मोठं कमळ किंवा मोर काढला तर चौकटी पाकळीतून वर डोकावतात. एकसलग काळा भरला तर उंचवटा उजेडात आणखी चमकतो. शेवग्याची बारीक, गोलसर, असंख्य पानं मात्र चौकटींत अशी मिसळतात की नजरेला जाळी सापडतच नाही.

आधी तीन ठिकाणी पाच-पाच ठिपके देऊन सहा आठवडे थांबले. दोन ठिकाणी शाई बसली, कडेला पसरली. खडबडीत कातडीवर स्टेन्सिल चिकटत नाही, म्हणून सगळी डहाळी पेननेच हातावर काढली. मशीन मंद ठेवलं. साध्या कातडीत सुई दीड-एक मिलिमीटर जाते. व्रणात जागोजागी हिशेब बदलतो, तो हातालाच कळतो. कातडी ताणून धरणारी डावी बोटं संध्याकाळी मिटत नव्हती. लावलेल्या कातडीवर काकूंना काहीच कळत नव्हतं, कडेला आले की डोळ्यांतून पाणी. अशा तीन बैठका झाल्या.

दुसऱ्या बैठकीला बाकावर बसलेल्या एका ग्राहक बाईंनी काकूंचा हात पाहिला आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "स्टोव्ह का?" विचारता विचारता त्यांची नजर काकांवर गेली. माझी नजरही त्या दिवशी अशीच गेली असणार.

रकाना मी अजून खोडलेला नाही. ठेवते आहे असंही म्हणवत नाही. फॉर्मची नवी प्रत काढायची आहे, ती महिनाभर तशीच पडली आहे.

टच-अपला आल्या तेव्हा काकू खुशीत होत्या. एका लग्नात बायकांनी हात धरून विचारलं होतं, शेवगाच का? मग त्यांनी झाडाला शेंगा किती लागतात इथपासून सगळं सांगितलं होतं. निघताना काकांनी त्यांचे दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. मधोमध गुळगुळीत, पांढुरके.

"ह्याच्यावर एखादं पान बसंल का?"

तळव्याची कातडी जाड असते, सारखी घासली जाते. शाई तिथे टिकत नाही, वर्षभरात उडून जाते. मी तसं सांगितलं.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि काकूंची पिशवी उचलली.