सन रेकॉर्ड्सचा स्लॅपबॅक: १३५ मिलिसेकंद जमले, पण स्वर थरथरतोय

टेपचा वेग वाढवायची पितळी स्लीव्ह (नळी) लेथवरून आली आणि कॅपस्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावर, बसलीसुद्धा. स्लॅप, म्हणजे मूळ आवाजामागून एकदाच येणारा प्रतिध्वनी, १६८ वरून १३५ मिलिसेकंदांवर आला. ४८ किलोहर्ट्झला क्लिक रेकॉर्ड करून मोजलं: मूळ क्लिक आणि टेपवरून परतलेली क्लिक यांत ६,४८० सॅम्पल. हाच आकडा हवा होता! पण गाणं सोडलं की लांब धरलेला प्रत्येक स्वर शेळीच्या आवाजासारखा कापतो.

मागचे भाग न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मेम्फिसला ७०६ युनियन अव्हेन्यूवर सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सकडे अँपेक्स ३५० ची दोन टेप मशिनं होती. एकावर रेकॉर्डिंग चालायचं. दुसऱ्याच्या रेकॉर्ड हेडवर तोच आवाज जायचा आणि प्लेबॅक हेडवरून क्षणभर उशिरा मिक्समध्ये परतायचा. हेडांमधलं अंतर भागिले टेपचा वेग, एवढंच गणित. सेकंदाला १५ इंच वेग आणि २ इंच अंतर धरलं तर १३३ मिलिसेकंद येतात.

जुलै १९५४ मध्ये त्या खोलीत एल्विस, स्कॉटी मूर (गिटार) आणि बिल ब्लॅक (बास) असे तिघंच होते. ड्रम नाही. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे बिल मन्रोचं तीन मात्रांचं वॉल्ट्झ तिथे चार मात्रांत धावायला लागलं. मिनिटाला २२० ठोक्यांच्या लयीत अर्धी मात्रा १३६ मिलिसेकंदांची, म्हणजे स्लॅप बरोबर दोन ठोक्यांच्या मधोमध पडतो. माझ्या मते ड्रमरचं निम्मं काम या टेपनेच केलंय. जानेवारी १९५६ मध्ये ‘हार्टब्रेक हॉटेल’साठी आरसीए या रेकॉर्ड कंपनीने नॅशव्हिलला बोळाचा प्रतिध्वनी वापरला. तो भारदस्त आहे, पण त्यात हा ठोका नाही. म्हणून १३५ चा हट्ट.

आता थरथर. आपल्या तीन-हेड डेकवर हेडांमधलं अंतर ३२ मिमी, वेग सेकंदाला १९.०५ सेमी. कॅपस्टन ५.३६ मिमी, टेपची जाडी ०.०३५ धरून परिणामी व्यास ५.३९५. वेग १.२४४ पट करायचा म्हणून स्लीव्ह बाहेरून ६.६८ मिमी. भिंत जेमतेम ०.६६ मिमी उरते, आणि इतकी पातळ पितळी नळी चकमध्ये धरली की दबतेच. डायल गेज लावला तर पूर्ण फेऱ्यात काटा ०.०२ मिमी हलतो, म्हणजे केंद्र ०.०१ ने सरकलंय. त्याला ३.३६ त्रिज्येने भागलं तर वेगात ०.३ टक्के चढउतार.

०.३ वाईट आहे, पण ऐकू येतंय त्याहून जास्त. ३,१५० हर्ट्झचा टोन घातला तेव्हा उलगडा झाला. स्लॅपमध्ये एकच कॅपस्टन दोनदा घोळ घालतो, एकदा रेकॉर्ड होताना आणि एकदा प्ले होताना. दोन हेडांमध्ये कॅपस्टनचे पूर्ण फेरे बसले तर दोन्ही चुका एकमेकींना खातात. दीड फेरा बसला तर त्या एकमेकींत मिळतात. जुना परीघ १६.९५ मिमी, म्हणजे ३२ मिमीत १.८९ फेरे, जवळजवळ दोन. नव्या स्लीव्हचा परीघ २१.१, म्हणजे १.५२ फेरे. सगळ्यात वाईट जागा! ०.३ चे थेट ०.६ टक्के झाले.

चांगल्या टूलरूममधून मँड्रेलवर (आतून धरणाऱ्या दांड्यावर) ग्राइंड करून घेतली तर रनआउट, म्हणजे काट्याची ही हालचाल, ०.००५ पर्यंत उतरेल. गल्लीतल्या लेथकडून ही अपेक्षा करू नका, तिथे बुश आणि पुली उत्तम होतात. ग्रब स्क्रू तर नकोच, पातळ नळी तिथेच फुगते. रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग चिकटवणारं द्रव्य) वापरा.

पण हे लिहितानाच लक्षात आलं की स्लीव्ह हवीच कशाला? फेऱ्यांचं गणित फक्त परिघावर ठरतं, वेगाशी त्याचा संबंध नाही. मूळ कॅपस्टन ठेवून तोच जोरात फिरवला तर १.८९ फेरे तसेच राहतात. मोटर एसी आहे, वेग वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. ५० ऐवजी ६२.२ हर्ट्झ दिले की १६८ चे १३५!

तेव्हा स्लीव्ह बाजूला. साइन ऑसिलेटर, ४ ओहमला ६० वॅट देणारा अँप्लिफायर, आणि १२ व्होल्टचा ५ अँपिअर ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून, म्हणजे अँप्लिफायर १२ व्होल्टच्या बाजूला. यावर फक्त मोटर चालवायची, डेकचं इलेक्ट्रॉनिक्स नेहमीच्याच प्लगवर. त्या ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या टोकांवर २३० व्होल्ट असतात, बंद डब्याशिवाय चालू करू नका. व्होल्टेज तेच ठेवून फ्रिक्वेन्सी वाढवली की टॉर्क (फिरवायचा जोर) साधारण ६५ टक्क्यांवर येतो. एकाच मोटरच्या डेकवर टेक-अप रीळ (टेप गुंडाळून घेणारं) ढिलं पडायची शक्यता आहे, म्हणून आधी ५५, मग ५८ असं चढायचं आणि अर्ध्या तासाने मोटरला हात लावून बघायचं. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर यासाठी निरुपयोगी, मोटर गुरगुरते आणि तापते.

मिक्समध्ये स्लॅप मूळ आवाजापेक्षा ९ डीबी खाली, फीडबॅक शून्य. एकच परत, दुसरा नको. टेप ताजी एलपीआर ३५. महाग आहे, पण बॅक-कोटिंगवाल्या जुन्या टेपा चिकट होऊन हेडला काळा थर देतात, आणि थर आला की स्लॅपची धार पहिली जाते.