मोटर आणली, पण टाकी कुठंय?

कॉटन मार्केटच्या मागं माझं छोटं दुकान आहे, पंप, जनरेटर, ब्रश कटर, फवारणीचे इंजिन असं सगळं येतं रिपेअरला, आणि बारा-तेरा वर्षांपासून ओबीएम पण, म्हणजे बोटीच्या मागं लावायची आउटबोर्ड मोटर. नागपुरात बोटीची मोटर कोण वापरतं असं लोक विचारतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन घराघरात पाणी शिरलं आणि गल्लीत बोटी फिरल्या, तेव्हापासून विचारणं जरा कमी झालं. पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे तलावावरचे, धरणावरचे मच्छीमार. ही गोष्ट त्यांच्यातल्याच एका काकांची आहे, मागच्या मे महिन्यातली.

काका आंभोऱ्याकडचे, ढिवर समाजाचे, साठीच्या पुढचे. सोबत पंचविशीतला मुलगा. छोट्या हत्तीत पोत्यात गुंडाळलेली ८ एचपीची टू-स्ट्रोक मोटर आणली, दुकानात खाली ठेवली आणि पहिलंच वाक्य, "भाऊ, याच्यात दमच नाई राह्यला आता. हे ठेवून घ्या आन मले पंधराची द्या." मी म्हटलं आधी सांगा तर झालं काय. तर म्हणे पाण्यात गेली की दहा-बारा मिनिटात मरते, मग थोडी थांबली की परत चालू होते, परत मरते. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, एकानं कार्बोरेटर साफ केलं, दुसऱ्यानं प्लग आणि कॉइल बदलली, पैसे गेले, फरक शून्य. आणि वरून कोणीतरी सांगितलं की लोड जास्त होते, मोठी घ्या.

मग मुलगा हळूच बोलला. आदल्या आठवड्यात संध्याकाळी तो एकटा जाळं काढायला गेला होता, वावधान सुटलं, मोटर मेली ती मेलीच, दोरी ओढून ओढून हात सोलले, एक वल्हं लाटेत गेलं, आणि बोट वाहत जाऊन बुडालेल्या झाडांच्या खुंटांमध्ये अडकली, सकाळपर्यंत तिथंच. काका मधेच म्हणाले, "रातभर मी काठावर उभा होतो भाऊ. बॅटरी दाखवत होतो. तिकून काईच दिसत नव्हतं." तेव्हा समजलं पंधराची मागणी कुठून आली ते. भीतीनं घेतलेला निर्णय होता तो, आणि त्या माणसाला नुसतं "नको, ८ ची पुरते" म्हणणं मला बरोबर वाटलं नाही. आधी ती का मरते ते सापडायला पाहिजे होतं, कारण तोच दोष राहिला तर पंधराची पण तशीच मरणार.

ड्रममध्ये पाणी भरून मोटर लावली. दुसऱ्या ओढीत चालू. मागून पाण्याची धार जरा बारीक वाटली म्हणून खालचं युनिट उघडलं तर इम्पेलरच्या, म्हणजे मोटर थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या चक्रीच्या, दोन पाकळ्या तुटलेल्या, तो रबराचा असतो आणि पाण्याबाहेर मोटर थोडा वेळ जरी चालवली तरी जळतो, लोक काठावर "चालू होते का बघू" म्हणून कोरडीच चालवतात आणि तिथंच तो जातो. नवीन टाकला. गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं, म्हणजे आत पाणी. पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढला तर शाफ्टवर नायलॉनच्या जाळ्याचा धागा गच्च गुंडाळलेला, तो सीलच्या आत घुसून सील कापतो. जाळ्याच्या पाण्यात चालणाऱ्या प्रत्येक मोटरला महिन्यातून एकदा तरी पंखा काढून बघायलाच पाहिजे. सील बदलला, नवीन ऑइल खालच्या होलमधून भरलं, वरच्या होलातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा राहते.

एवढं करून ड्रममध्ये पंचवीस मिनिटं चालवली. एकदाही मेली नाही. काका बघत उभे होते, म्हणाले, "पाहा, इथं चालते. तिथं मरते."

त्या वाक्यावर मी अडकलो. इथं काय वेगळं आहे? पाणी वेगळं, लोड वेगळा, आणि... टाकी. मी माझ्या दुकानाची टाकी आणि माझा पाइप लावला होता. विचारलं, काका तुमची टाकी कुठंय? "टाकी त घरी हाय. टाकीले काय झालं?" आधीच्या दोन्ही ठिकाणी पण ते फक्त मोटर घेऊन गेले होते. म्हणजे ज्या अर्ध्या भागात दोष असू शकतो तो कोणी पाहिलाच नव्हता, मी पण जवळजवळ तेच केलं असतं.

मी म्हटलं उद्या सकाळी मी येतो, मोटर पाण्यावरच बघू.

पहाटे साडेचारला निघालो, कुही, वेलतूर करत आंभोऱ्याला पोचलो तेव्हा उजाडलेलं होतं. तिथं आता केबलवाला मोठा पूल झाला आहे, आधी पलीकडे जायला डोंगाच होता. वैनगंगा, कन्हान, आम सगळ्या तिथं येऊन मिळतात आणि पुढं गोसीखुर्द धरणामुळे मागं इतकं पाणी पसरलेलं की नदी वाटतच नाही. आणि जलपर्णी. आपल्या नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून या पाण्यात येतं, त्याच्यावर ती पोसते. मला ते बघून दरवेळी वाईट वाटतं, कारण शहरातलं घाण पाणी आपण सोडतो आणि जाळ्यात, पंख्यात ते या लोकांच्या हातात येतं.

बोट फायबरची, सपाट बुडाची, साधारण १८ फूट. मी, काका, मुलगा आणि आणखी एक जण, लाइफ जॅकेट घालूनच बसलो. निघायच्या आधी त्यांची टाकी बघितली. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. हे पहिलं बघायचं, कारण तो बंद राहिला तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल येणं थांबतं, आणि लक्षणं अगदी अशीच असतात, दहा मिनिटं चालते, मरते, थांबलं की परत चालू. पण तो उघडाच होता. टाकी आणि मोटरच्या मधल्या पाइपवर पेट्रोल हातानं पुढं ढकलायचा रबरी फुगा असतो, तो दाबून घट्ट केला, त्याच्यावरचा बाण मोटरकडेच होता, चोक, दोरी, चालू. धार जाड आणि चांगली. मी घड्याळ लावलं.

अकराव्या मिनिटाला आवाज बदलला. आधी जरा उंच झाला, पेट्रोल कमी पडायला लागलं की इंजिन असं एकदा वर जातं, मग गुरगुरत बसलं. मी त्याच क्षणी फुगा हातात घेतला, आणि तो चपटा झालेला होता. आतून ओढून घेतलेला, पुरीसारखा चिकटलेला.

इथं मला उत्तर अर्धं मिळालं. मोटर मरताना फुगा दाबून ती परत उचलत असेल तर मोटरमधल्या पेट्रोल ओढायच्या पंपाचा डायफ्राम कमजोर आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जाते. फुगा टणक आहे आणि तरी मरते तर अडथळा फुग्याच्या पुढं, कार्बोरेटरकडे. आणि फुगा चपटा असेल तर मोटर बिचारी जोर लावून ओढून राहिली आहे पण मागून काही येतच नाही, म्हणजे अडथळा टाकी आणि फुग्याच्या मधेच. या एका फुग्यावर मी जितके दोष पकडले तितके कुठल्या मीटरवर नाही पकडले. फक्त तो मरतानाच हातात घ्यावा लागतो, दोन मिनिटांनी सगळं जागेवर येतं आणि पुरावा जातो.

तोपर्यंत वारा सुटला होता. मोठा नाही, पण बोट आडवी होऊन खुंटांच्या बाजूला सरकायला लागली, आणि मुलाचा चेहरा मी पाहिला, त्याच जागेकडे चाललो होतो. माझी टाकी आणि पाइप मी काठावर ठेवून आलो होतो, टेस्ट त्यांच्याच सामानावर करायची म्हणून. ती चूक झाली, दुसरी टाकी बोटीतच असायला पाहिजे होती. दोघांना वल्ह्यावर बसवलं, चौथ्याची बिडी विझवायला लावली, आणि टाकीकडचा पाइप काढला. टाकीतली जाळी स्वच्छ. पाइप बाहेरून मस्त, कुठं चीर नाही, वाकलेला नाही. तोंडानं ओढून बघायचं आपल्याकडं सर्रास चालतं, ते कधीच करू नका, पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर जीवावर येतं. मी कनेक्टरपासून बोटांनी दाबत गेलो, चार बोटांवर एका ठिकाणी पाइप आतून पोकळ, सुरकुतल्यासारखा लागला. ब्लेडनं तिथं कापला.

आतली पातळ कातडी सुटून पडद्यासारखी लोंबत होती. मोटर ओढायला लागली की तो पडदा हळूहळू उचलून भोक बंद करायचा, मोटर मेली की ओढ संपायची आणि पडदा परत खाली. म्हणूनच थांबल्यावर चालू व्हायची. पाइप त्यांनी दोन वर्षांपूर्वी बाजारातून मीटरवर घेतलेला, दिसायला पेट्रोलचाच. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि साध्या रबराला ते आतून सोलतं, त्यात मे महिन्याचं आपलं ऊन आणि पाइप दिवसभर उघड्यावर. इथेनॉल पाणी पण ओढून घेतं, म्हणून महिनाभर टाकीत पेट्रोल ठेवून द्यायचं नाही, आणि मोटर ठेवून द्यायची असेल तर पाइप काढून कार्बोरेटर रिकामं होईस्तोवर पाण्यातच चालवून बंद करायची.

खराब तुकडा फूटभर कापून टाकला, उरलेला परत कनेक्टरवर चढवला, क्लिप घट्ट केली, सांडलेलं पेट्रोल फडक्यानं पुसलं, वास जाईपर्यंत थांबलो. खुंट वीस-पंचवीस हातांवर आले होते. फुगा दाबला, घट्ट झाला. पहिल्या ओढीत चालू. पाऊण तास फिरवली, नाही मेली. काका टाकीकडेच बघत बसले होते, मधेच म्हणाले, "दोनशे रुपयाचा पाइप, आन मी पंधराची घ्याले निघालो होतो."

मी म्हटलं थांबा, अजून एक बघायचं आहे, तुम्ही दम नाही म्हणत होते ते. सगळ्यांना पुढं बसवलं, क्रेट पुढं ठेवले, जसं ते रोज जातात तसं. थ्रॉटल दिला तर मोटर किंचाळायला लागली आणि बोट मात्र तशीच. मागं वाकून बघितलं, पंख्याच्या वरची कॅव्हिटेशन प्लेट पाण्याच्या वर दिसत होती. पंखा वरून हवा ओढत होता. टेप लावला, मोटर अडकवायची मागची फळी २० इंच उंच, आणि मोटर शॉर्ट शाफ्ट, १५ इंचवाली. ती प्लेट बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली पाहिजे, इथं चार-पाच इंच वर. ज्यानं मोटर विकली त्यानं एचपी सांगितली, कंपनी सांगितली, फळी मोजलीच नाही. फळी कापून खाली करू का असं मुलानं विचारलं, मी स्पष्ट नाही म्हटलं, मागून लाट आली की तिथूनच पाणी आत घुसतं.

मग काठावर सावलीत बसून नवीन मोटरचा विचार केला, यावेळी घाईनं नाही. पंधराची का नको ते त्यांना बोटीवरूनच सांगितलं. पाण्यात १६ फूट लांबी बसलेली भरलेली बोट, जाळी, बर्फ, चार माणसं, ती पाणी कापत ढकलतच जाणार, तिचा वेग साधारण ताशी १० किलोमीटरच्या आसपास अडतो, त्याच्यापुढं मोटर कितीही मोठी लावा मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल जळतं. फुल थ्रॉटलला १० एचपीला तासाला ४ लिटरच्या जवळपास धरा, पंधराला ६ च्या आसपास. टू-स्ट्रोक हलकी असते, त्यांची ८ ची २७ किलोच्या आसपास, एकटा उचलतो, आणि उघडायला सोपी. पण हे लोक दिवसातले तीन-चार तास जाळ्याच्या बाजूनं हळूहळू चालवतात आणि तिथं फोर-स्ट्रोक खूप कमी पिते, लिटरमागं २० मिली ऑइल मोजून मिसळायची कटकट नाही. वजन मात्र चाळीस किलोच्या वर, काकांना एकट्यानं जमणार नाही, दोघं लागतील. मुलानं बॅटरीवाल्या मोटरचं विचारलं, चांगला प्रश्न होता. मी हिशेब करून दाखवला, १२ व्होल्टची ५० अँपिअर ओढणारी मोटर म्हणजे ६०० वॅट, एक एचपी पण नाही, आणि १०० एएचची लेड अॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर फुलवर तासभर. शांत छोट्या तलावावर एकट्या माणसाला छान आहे, इथल्या वाऱ्यात आणि एवढ्या पाण्यावर मी कोणाच्या मुलाला त्याच्यावर पाठवणार नाही.

ठरलं असं की ९.९ ची फोर-स्ट्रोक, लॉंग शाफ्ट, २० इंच. पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा, कारण वेग नाही, ओढ पाहिजे. आणि जुनी ८ ची विकायची नाही, काकांच्या भावाची बुटकी बोट आहे, तिची फळी पंधरा इंच, तिला ती नीट बसते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं परत आले, यावेळी टाकी, पाइप, फुगा सगळं घेऊन, आणि मुलाच्या वहीत काठावरच्या सात बोटींच्या फळ्यांची मापं लिहिलेली. पाइप मी इथेनॉलला चालणारा दिला, जाड, प्रिंट असलेला, आणि मीटरभर जास्तीचा बोटीत ठेवायला. नवीन मोटर बसवायला मी गेलो होतो. प्लेट बुडाच्या इंचभर खाली आली, सगळे पुढं बसले, क्रेट भरले, थ्रॉटल दिला, आवाज एकसारखा आणि बोटीनं पाणी धरलं. परत येताना जलपर्णीत शिरल्यावर धार बारीक झाली तर मी बोलायच्या आधीच मुलानं मोटर बंद केली, वर उचलली, पाणी ओढायच्या जाळीवरची मुळं हातानं काढली, परत खाली सोडली. दोरी ओढायच्या आधी त्यानं किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की मोटर बंद करणारी, लाल दोरी मनगटात अडकवली. काका पुढं बसून काठाकडे बघत होते.