जिप्सीला २३५ चे टायर: गेरू, शाडू आणि एक पाचर

गणपती उठल्यावर लिहिलं होतं, 'टायर आले, रविवारी चढवतो.' त्याला नऊ आठवडे झाले. टायर त्याच रविवारी दुपारी दोनपर्यंत चढले. बाकीचे नऊ आठवडे ते कुठे कुठे घासतात हे शोधण्यात गेले.

नव्यांसाठी थोडक्यात: २००३ ची जिप्सी किंग, कापडी हूड, दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल, चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग). मूळ टायर २०५/७० आर १५, आता २३५/७५ आर १५. २०५ मिमी रुंदीचे ७० टक्के म्हणजे साडेत्रेचाळीस वर शंभर, १४३.५ मिमीची भिंत. अशा दोन भिंती, अधिक १५ इंची रिमचे ३८१, एकूण ६६८ मिमी. तसंच मोजलं तर नव्याचे भरतात ७३३. व्यास साडेसहा सेंटिमीटरने वाढला, पण गाडी वर येते त्याच्या निम्मीच, सव्वातीन. 'एवढे पैसे घालून सव्वातीन?' असं घरी विचारलं गेलं. पण ॲक्सलचा मधला गोळा (डिफरन्शियलचा) दगडापासून वर उचलणारी गोष्ट टायर हीच. पाटे वाढवून बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो.

रिमांपासून सुरुवात. २३५ ला किमान ६ इंच रुंद रिम लागते, मूळची त्यात बसत नाही. पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती मिमी) ५ बाय १३९.७, जुन्या जीपवाल्यांचीही हीच, त्यामुळे मिळतील असं वाटलं होतं. आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये उठला, तो असता तर एका सकाळचं काम होतं. शेवटी ७ इंची लोखंडी रिमा मिळाल्या, पण ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) आतला. चाक आत बसलं आणि पूर्ण वळवल्यावर टायरची आतली कड पाट्याला भिडली. अंबडच्या चाचांनी (माझे फिटर, जिप्सी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त चालवलीय) नुसतं बघून सांगितलं, "भाऊ, टायर चढला, पण आता गाडी फक्त सरळ जाईल. वळायचं असेल तर उतरून उचलून ठेवा."

इथे मी मूर्खपणा केला. चाचांना न विचारता एका दुकानातून २५ मिमीचे स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायच्या जाड चकत्या) आणले, नुसते स्टडवर सरकवायचे. स्पेसरने स्टडची लांबी खाल्ली आणि नटाला जेमतेम चार आटे उरले. दिसत होतं, तरी लावले. त्र्यंबक रस्त्यावर महिरावणीच्या पुढे डाव्या पुढच्या चाकातून टक-टक सुरू झाली. थांबून पाना लावला तर पाचातले तीन नट हाताने फिरत होते. तिथून घरी वीसच्या स्पीडने आलो, दर दोन किलोमीटरला उतरून नट आवळत. ते स्पेसर आता पेपरवेट आहेत. रिमा परत दिल्या, बाहेरच्या ऑफसेटच्या घेतल्या. चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवर जास्त ताण येतो आणि जागेवर स्टिअरिंग फिरवताना खांदे बोलतात, हे मान्य. पण नट पूर्ण बसतात. नव्या रिमा लावल्या की शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, गोल क्रमाने नाही, समोरासमोरचे.

आत घासायचं थांबलं, बाहेर सुरू झालं. आवाज यायचा, पण जागा कळेना. मग टायरच्या खांद्यावर ओला गेरू फासला आणि कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटमध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ वेळा पूर्ण वळवून गाडी फिरवली. जिथे लाल डाग, तिथे टायर लागतो: पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा आणि बंपरचं टोक. (आई दोन दिवस तुळशीवृंदावनाचा गेरू शोधत होती.) वरच्या बाजूचं मोजमाप गेरूने होत नाही, कारण सपाटीवर चाक वर जातच नाही. त्यासाठी गणपतीची उरलेली शाडू कामी आली. मुठीएवढे गोळे मडगार्डच्या आत चिकटवले, एक पुढचं चाक विटांच्या ढिगाऱ्यावर चढवलं, मग दुसरं. गोळा दाबून राहिला तेवढी जागा शिल्लक. डावीकडे १४ मिमी. उजवीकडे शाडू पार निघून टायरला चिकटली होती.

कोपरे ग्राइंडरने कापून कड आत वळवली, उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड मारला. वरच्या घासण्यावर पत्रा कापणं हा उपाय नाही. बंप स्टॉप २० मिमीने खाली घेतला, म्हणजे चाक पत्र्यापर्यंत पोचायच्या आधी रबरावर थांबतं. शिवाय प्रत्येक पाट्यात एक पान वाढवलं.

आणि हौसेने पुढचं शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लांब केलं. हे करू नका, म्हणजे निदान पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय करू नका.

जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाटा नाकाने खाली झुकतो, ॲक्सल त्याच्याबरोबर किंचित पुढे फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन) कमी होतो. सायकलचा हात सोडून सरळ जाता येतं त्यातही कॅस्टरचा हात असतो. तो गेल्यावर मुंबई हायवेला साठच्या वर गाडी लेन शोधत फिरायला लागली. अलाइनमेंटवाल्याने टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर ते) बघितला, सगळं ठीक म्हणाला, पैसे घेतले. चाचांनी जुन्या लांबीचं शॅकल परत घातलं आणि तरी थोडं उरलं होतं म्हणून पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये अडीच अंशांची लोखंडी पाचर दिली. ॲल्युमिनियमची घेऊ नका, ती दाबाने फुटते. आता हात हलका ठेवला तरी गाडी सरळ जाते.

चढाईचा हिशोब वाघेरा घाटात झाला. पूर्वी तिसऱ्यात निघणारी दोन वळणं आता दुसऱ्यात घ्यावी लागतात, कारण चाक दहा टक्के मोठं म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्के उंच. ब्रेकही थोडा आधी दाबायचा. लो रेंज (फोर बाय फोरचे जास्त जोराचे गिअर) लावली की फरक जाणवत नाही. गिरणारेच्या पुढे परतीच्या पावसाने सोडलेल्या चिखलातून टायरची हवा १८ पीएसआयवर ठेवून निघालो. काळ्या मातीत मात्र रुंद टायरचा फारसा उपयोग नाही, चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि चाकाचा लाडू होतो.

ॲव्हरेजवरून घाबरू नका. आधी ११ मिळायचं, पहिल्या टाकीला ९.२ आलं आणि मी दिवसभर गप्प होतो. मग लक्षात आलं, मीटर चाकाचे फेरे मोजतो, फेरे कमी झाले. मीटरवर ९२ म्हणजे खरे १०१. म्हणजे ॲव्हरेज १०.१. स्पीडचंही तेच, काटा ६० वर असेल तर गाडी ६६ ने चाललीय.

पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावाच लागला. फोर बाय फोर लावल्यावर पुढचा-मागचा ॲक्सल एकाच वेगाने फिरतो, मध्ये वेगातला फरक सोसणारं डिफरन्शियल नाही, वेगळ्या मापाची स्टेपनी लावून चाललात तर ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) रडतो. नवी स्टेपनी जड, मागचा दरवाजा बिजागरीवर बोटभर खाली आलाय.

कागदांचं विचारणाऱ्यांना: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बदलांबाबत कडक आहे, स्वतः वाचा. मी मूळ चाकं विकलेली नाहीत, माळ्यावर आहेत.

राहिलं काय? बिजागरी. आणि रिव्हर्समध्ये डावीकडे पूर्ण वळवलं तर अजून एकदा 'खर्र' होतं. गेरू संपलाय, पंचवटीतून आणतो.