सेझानचा रेल्वेपूल, सातवा कागद

सातव्या कागदावर रेल्वेपूल अखेर दरीत बसला. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातील, मोठ्या पाइनच्या फांद्यांमधून सेंत-व्हिक्तुआर पर्वत दाखवणारे फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचे १८८७च्या सुमाराचे चित्र जलरंगात उतरवताना पर्वत व फांद्या मागच्या नोंदीपर्यंत साधल्या होत्या; उजवीकडचा कमानींचा पूल मात्र दर वेळी शेतांपासून सुटून पुढे येत होता.

चूक हाताची नव्हती, चित्र वाचण्याची होती. निसर्गात यंत्रयुग घुसले आहे, असा अर्थ मी आधीच ठरवून टाकला होता; त्यामुळे पुलाला ठसठशीत कडा आणि कमानींना काळोख देत होते. गेल्या रविवारी गोव्यातल्या बोरीला जुवारी नदीकाठच्या खाजन (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावर उभी असताना पाऊस नुकताच ओसरला होता, आणि पुलाचे खांब, पाणी व पलीकडचे डोंगर एकाच करड्या छटेत मिसळले होते. घरी येऊन छापील प्रत पुन्हा पाहिली, तेव्हा सेझानच्या पुलाचा फिकट पिवळसर रंग शेतांचाच आहे, हे ध्यानात आले.

तैलरंगात गडदावर फिकट रंग चढवता येतो, जलरंगात ती सोय नाही. मास्किंग फ्लुइडने (कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) पूल राखण्याच्या नादात दोन कागद सोलले गेले. गोव्याच्या पावसाळ्यात ते वापरूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे. मडगावच्या एका दुकानातून आणलेला ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन कागदही दमट निघाला आणि टीपकागदासारखा रंग शोषू लागला. नवे कागद आता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवते. सातव्या वेळी संपूर्ण दरीवर, पुलासकट, यलो ओकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, दिला आणि तो पूर्ण वाळल्यावर फक्त कमानींच्या पोकळ्यांत निळसर हिरवा भरला. पूल रंगवावा लागलाच नाही, तो आपोआप उरला. तो क्षण मी बराच वेळ पाहत बसले.

आठव्या कागदावर आकाश करायचे ठरले होते. परंतु पाइनच्या फांद्या पर्वताच्या कडेचा उतार गिरवून जवळचे आणि दूरचे जोडतात, तशीच पुलाची आडवी रेघ शेते आणि टेकड्या जोडते, हे लिहितालिहिता जाणवले, म्हणून आकाश तूर्त बाजूला ठेवते. वर आंब्याची फांदी आणि खाली बोरीचा पूल, अशी मांडणी आधी करून पाहीन. तिथे सर्वांखालचा पहिला वॉश चिऱ्याच्या तांबूस रंगाचा असावा की खाडीच्या करड्याचा, यासाठी उद्या दोन तुकड्यांवर दोन्ही लावणार आहे.