दहानंतरची कोजागरी

आमच्या मंडळाची कोजागरी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या गच्चीवर होते. मी १४ वर्षं चिटणीस आहे, म्हणजे दुसरं कोणी ते पद घेत नाही. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे दोन शब्द (ते कधीच दोन नसतात), जमाखर्च, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, लहान मुलींचा नाच, मग कराओके. सगळं छान होतं. दरवर्षी होतं. पुढे जाऊ.

खरी कोजागरी दहानंतर लागते. उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे साउंडवाला वायरी गुंडाळायला घेतो, कराओकेवाले दूध पिऊन पांगतात आणि उरलेली मंडळी खुर्च्या सोडून सतरंजीवर सरकतात. या वेळेला आम्ही ‘माळ्यावरचं’ म्हणतो. जे वाद्य निदान १० वर्षं माळ्यावर धूळ खात होतं, तेच इथे वाजवायचं. आणि एकट्याने नाही, घरातलं माणूस शेजारी हवं. ही दुसरी अट मागाहून आली. पहिल्या वर्षी पाचपाखाडीचे एक काका मेंडोलिन घेऊन एकटेच बसले, अंतऱ्यात अडकले, उठले आणि चपला घालून सरळ घरी गेले. पुढच्या वर्षी काकू टाळ घेऊन शेजारी बसल्या. काका तिथेच अडकले, काकू टाळ वाजवत राहिल्या, आणि काकांना उठता आलं नाही.

उपस्थितीबद्दल लिहू नये असं घरून सांगितलंय, तरी लिहितो. गेल्या कोजागरीला खुर्च्यांवर मी मोजून ६८ माणसं पाहिली आणि मसाला दूध गेलं ११० कप. घोडबंदर रोडवरची मंडळी ट्रॅफिकचं सांगतात, ते मान्य. पण समोरच्या गल्लीतल्यांना कुठला ट्रॅफिक लागतो?

दहानंतर मात्र जे थांबतात ते मनापासून थांबतात. कोपरीचे पेटीवाले काका दरवर्षी वाजवण्याआधी तेच भाषण करतात, आणि मला ते दरवर्षी आवडतं. “आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१मध्ये कुठे सैल झाली. म्हणजे ३१ वर्षं. माझी पेटी २६ वर्षं बंद होती. आकाशवाणीपेक्षा मी बरा.” मग भाता हलतो, एक पट्टी आपोआपच वाजत राहते, काका तिला नखाने वर उचलतात आणि काकू अभंग धरतात. काकांची बोटं ओळीच्या मागे राहतात. काकू त्यांच्याकडे बघत नाहीत, नुसती तीच ओळ पुन्हा घेतात, जणू तिचा मोह सुटत नाही. काका येऊन पोचले की पुढची. गळा इतका बेमालूम थांबवता येतो हे मी त्यांच्याकडून शिकलो, असं मला वाटत होतं.

एका कोजागरीला याच काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, “चिटणीस, तुमच्या माळ्यावर काय आहे हो?”

आमच्या माळ्यावर हिची सतार होती. लग्नाआधी सासऱ्यांनी मिरजेहून, सतारमेकर गल्लीतून आणलेली. हिच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत झाल्या होत्या. मग लग्न, चरईतली खोली-किचन, सकाळची लोकल, मुलगी. सतार माळ्यावर मीच चढवली. तिच्यापुढे दिवाळीचे पत्र्याचे डबे आले, मग पाळणा, मग जुना मिक्सर. २३ वर्षं. दर दिवाळीला डबे काढताना मी म्हणायचो, “ही एकदा खाली काढायला हवी,” आणि डबे घेऊन उतरायचो.

काकूंच्या प्रश्नानंतरच्या रविवारी काढली. गवसणीची चेन गंजून बसली होती, ती कापावी लागली. तरफांवर, म्हणजे खालच्या बारीक तारांवर, तांबूस पूड. हिने खुंटी जरा पिळली तर बाजाची तार टप्प करून तुटली. डबीत नखी होती, पण ती बोटात जाईना. बोट २३ वर्षांनी जाड झालं होतं. हिने काही न बोलता किचनच्या ड्रॉवरमधून पकड आणली आणि नखी थोडी फाकवून घेतली.

सतार मिरजेला नेली. कारागिराने भोपळ्यावर कान लावून टिचकी मारली, “भोपळा शाबूत आहे,” म्हणाला, आणि ही तिथल्या बाकावर मट्कन बसली. नव्या तारा, पडद्यांचे दोरे नवे, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून जवारी, म्हणजे सुराची गुंज, पुन्हा काढली. (२०२४मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण आमच्या फ्रिजवर अजून आहे.) पुढचे दोन महिने हिच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेच्या काळ्या रेघा होत्या. मिरच्या मी चिरत होतो.

तबला मी वाजवतो, पण भजनातला. माझा तबला पांढरी चारचा, हिची सतार त्याहून खालच्या सुरात, काळी एकमध्ये. उतरवून उतरवून माझा तबला बसल्या घशाने बोलायला लागला, तेव्हा काळी एकचा उसना आणला. तालीम सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी भांडण.

“अहो, तुम्ही पळता.”

“मी? मी ठेका धरलाय.”

“मला सम दाखवायला पळता. मला सापडेल ती.” (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.)

दोन दिवस सतार गवसणीत होती. तिसऱ्या दिवशी मी घड्याळासारखा ठेका लावला, तेव्हा म्हणाली, “आता एवढंही नको.”

दहा वाजून गेल्यावर संध्याकाळचा यमन नको म्हणून रात्रीचा बागेश्री राग ठरला, त्यातली संथ मसीतखानी गत. १६ मात्रांच्या तीनतालात या गतीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, १२व्या मात्रेपासून उठतो, ‘खाली’ हा बिनटाळीचा भाग संपता संपता जो ‘ता’ येतो तिथून, आणि पाच मात्रांनी समेवर पडतो. कोजागरीच्या रात्री आमची पाळी आली तेव्हा गच्चीवर दव पडायला लागलं होतं, आलापातच दोन तारा उतरल्या. हिने शांतपणे खुंट्या पिळल्या, घसरू नये म्हणून एकीला खडू लावला. रुळांवरून एक गाडी गेली तिचा आवाज संपेपर्यंत थांबली.

गत सुरू झाली. तिसऱ्या आवर्तनात एक तोडा, म्हणजे स्वरांची छोटी फिरत, घेतला आणि ही तालातून बाहेर पडली. हात पडद्यावर तसाच, नजर खाली. धा धिं धिं धा. मी वाजवत राहिलो. १२वी मात्रा गेली. पुन्हा आली, गेली. डग्ग्यावर एक जड ‘धा’ मारून सम दाखवणं मला सहज जमलं असतं, आणि हात शिवशिवत होता. समोर पेटीवाल्या काकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे हळूच मिटले. मी आवाज आणखी खाली आणला. चौथ्या वेळी खालीच्या शेवटच्या ‘ता’वर हिने मान वर केली. दिर दा दिर दारा, आणि सम. पाचपाखाडीचे काका एवढ्या मोठ्याने “वा!” म्हणाले की खालचा कुत्रा भुंकला.

त्यानंतर एक तोडा विसरली, शेवटच्या जलद ‘झाल्या’त घाई केली. घरी येताना मी विचारलं, “तीन आवर्तनं कशी वाटली?” म्हणाली, “लांब वाटली. पण तुम्ही होतात.” मग रिक्षावाल्याशी पैशांवरून बोलायला लागली.

आता आभार, कारण मागच्या वेळी दोघं राहिले आणि त्यातले एक अजून बोलत नाहीत. काळी एकचा तबला देणारे विष्णुनगरचे सर. सतार मिरजेला गाडीतून नेणारा भाचा, आणि त्याला सुट्टी देणारे त्याचे साहेब. दूध आटवणाऱ्या तिघी वहिनी, चारोळ्या निवडणाऱ्या आजी. गच्चीची किल्ली देणारे, पाण्याच्या टाकीवरचा दिवा बदलणारे वॉचमन मामा. दहाला पाच मिनिटं असताना न सांगता आवाज कमी करणारा साउंडवाला मुलगा. रांगोळी काढून पावसात ती पुसल्यावर पुन्हा काढणाऱ्या दोघी बहिणी. पत्रिकेतली माझी शुद्धलेखनाची चूक पकडणाऱ्या बाई. खुर्च्या खाली उतरवणारे तळमजल्याचे जावई, ते तर मंडळाचे सभासदही नाहीत. खजिनदार, ज्यांनी ११० कपांचा हिशेब माझ्यावर न ओरडता लावला. आणि हो, खडू. तो दुसऱ्या मजल्यावरच्या पहिलीतल्या मुलीचा होता.

एक राहिलंच. निळ्या काठाची मोठी सतरंजी त्या रात्री आमच्याकडे आली आहे. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी. फक्त सकाळी ८ नंतर यावं, तोवर ही तिच्यावर बसलेली असते.